तांब्याच्या नाण्यावरील हिरवे आवरण

वाराणसी शहराच्या ईशान्य टोकास, गंगेवरील मालवीय पुलाला लागून, राजघाटाचे उंच पठार आहे. प्राचीन काशीची वस्ती येथेच होती. १९४० मध्ये काशी रेल्वे स्थानकाच्या वाढीव कामासाठी येथील माती खणली जाऊ लागली, तेव्हा तिच्यातून मृण्मूर्ती, मुद्रांचे ठसे, मणी आणि नाणी बाहेर येऊ लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्याच वर्षी तेथे उत्खनन हाती घेतले. पुढे १९५७ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयाने डॉ. अवध किशोर नारायण यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अनेक हंगाम काम केले. या उत्खननांमुळे इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापासूनचा वस्तीचा क्रम अभ्यासकांसमोर आला.

अशा स्थळी मातीतून नुकतेच निघालेले तांब्याचे नाणे पाहिले, तर ते नाणे आहे हे अनभिज्ञ माणसाच्या ध्यानातही येणार नाही. एखाद्या चपट्या, खरबरीत, हिरवट खड्यासारखे ते दिसते. कित्येकदा पाच-दहा नाणी एकमेकांस चिकटून त्यांचा एकच गोळा झालेला असतो. त्यावर राजाचे चित्र आहे की देवतेचे, लेख आहे की नाही, काहीच उमगत नाही. हाती आलेली अशी वस्तू स्वच्छ करावी, हा पहिला विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आणि तांबे कसे उजळावे हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. देवघरातील ताम्हन, पळी-पंचपात्री किंवा पाण्याचा हंडा चिंचेने अथवा मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडीने घासला, वर राखेचा हात फिरवला, की लखलखू लागतो. मग तोच उपाय नाण्याला का करू नये?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ताम्हन घासताना आपण त्यावरचा मळ काढतो. जमिनीतून निघालेले नाणे घासताना मात्र पुष्कळदा आपण नाणेच काढून टाकतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी तांबे मातीत कसे बदलते ते प्रथम पाहावयास हवे.

तांबे मातीत कसे बदलते

निसर्गात तांबे बहुधा शुद्ध स्वरूपात आढळत नाही. ते ऑक्सिजन, गंधक, कार्बन इत्यादी मूलद्रव्यांशी संयोग पावून खनिजांच्या रूपात असते. माणूस भट्टीची उष्णता खर्च करून त्या खनिजातून धातू वेगळा करतो. नाणे जमिनीत पडले, की हीच क्रिया उलट दिशेने सुरू होते. ओलावा, हवा आणि मातीतील क्षार यांच्या सान्निध्यात धातू पुन्हा खनिज होऊ लागतो.

हे परिवर्तन एका ठरावीक क्रमाने होते. धातूला अगदी लगटून तांबूस-तपकिरी रंगाचा एक पातळ थर तयार होतो. त्यास क्यूप्राइट म्हणतात. हे तांब्याचे ऑक्साइड होय. त्याच्या वर हिरव्या मॅलाकाइटचा आणि क्वचित निळ्या अझुराइटचा थर बसतो. हे दोन्ही तांब्याचे कार्बोनेट आहेत. सर्वांत बाहेरच्या बाजूस या क्षारांत मिसळलेली माती, वाळूचे कण आणि चुना यांचे कवच असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. धातूचे खनिज होऊ लागते ते नाण्याच्या पृष्ठभागापासून. टाकसाळीत ठसा मारला गेला तोही पृष्ठभागावरच. त्यामुळे राजाची आकृती आणि लेखाची अक्षरे ज्या धातूवर उमटलेली असतात, तोच धातू सर्वांआधी खनिजात बदलतो. हे परिवर्तन सावकाश झाले असेल, तर अक्षराचा आकार न मोडता त्याचे द्रव्य तेवढे पालटते. मूळ पृष्ठभाग नाहीसा झालेला नसतो. तो या हिरव्या-तपकिरी थरांच्या मध्येच कोठेतरी सुरक्षित असतो. त्याच्या खाली उरलेला धातू हा नुसता गाभा असतो आणि त्यावर बहुधा काहीही लिहिलेले नसते.

आता अशा नाण्यावर चिंचेचा कोळ घातला तर काय होईल? चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल हे थर विरघळवून टाकतात. थोड्याच वेळात नाणे तांबडेलाल होऊन चमकू लागते आणि धुणाऱ्यास मोठे समाधान वाटते. परंतु हाती उरतो तो खाचखळग्यांनी भरलेला निर्लेख गाभा. अक्षरे मोरीतून वाहून गेलेली असतात. पोथीवरील धूळ झटकण्याऐवजी शाईच धुऊन काढावी, तसाच हा प्रकार होय.

हिरव्या थरात काय काय असते

या थरात किती बारीक तपशील दडलेला असतो, हे कुषाण राजांच्या नाण्यांवरून कळते. सारनाथ येथे भिक्षू बल याने स्थापन केलेल्या बोधिसत्त्वाच्या मूर्तीवर कनिष्काच्या तिसऱ्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यावरून वाराणसीचा प्रदेश त्या काळी कनिष्काच्या सत्तेखाली होता असे दिसते. कनिष्काच्या तांब्याच्या नाण्यांच्या एका बाजूस उभा राजा असतो आणि दुसऱ्या बाजूस एखादी देवता व तिचे ग्रीक लिपीतील नाव असते. सूर्यदेव मिइरो आणि चंद्रदेव माओ या दोन देवतांची ठेवण जवळजवळ सारखीच आहे. एकाच्या मस्तकामागे किरणांचे वलय असते, दुसऱ्याच्या खांद्यांमागे चंद्रकोर असते. एवढ्या रेषा आणि नावाची चार-पाच अक्षरे पुसली गेली, तर देवता ओळखण्याचा आधारच नाहीसा होतो. याच राजाच्या काही विरळ तांब्याच्या नाण्यांवर देवतेच्या जागी प्रत्यक्ष बुद्धाची आकृती आणि त्याचे नाव आढळते. घासून गुळगुळीत केलेल्या एखाद्या कुषाण नाण्यावर पूर्वी बुद्ध होता की वायुदेव, हे मागाहून कोण सांगणार?

तांब्याच्या नाण्यावरील चार अक्षरांचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण लिपिवाचनाच्या इतिहासात नमूद आहे. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टाकसाळीत धातुपरीक्षक होता. धातूचा कस पाहणे आणि सूक्ष्म वजन करणे हे त्याचे काम. १८३० मध्ये ही टाकसाळ बंद झाली आणि तो कलकत्त्यास गेला. तेथे जुन्या नाण्यांचा व शिलालेखांचा त्याचा अभ्यास वाढत गेला आणि १८३७ मध्ये त्याने ब्राह्मी लिपीचे वाचन सिद्धीस नेले. त्याच्या आदल्या वर्षी ख्रिस्तियान लासेन या विद्वानाने अगाथोक्लीज या ग्रीक राजाच्या नाण्यावरील ग्रीक आणि ब्राह्मी अशा दोन लेखांची तुलना करून काही ब्राह्मी अक्षरे ओळखली होती. ही नाणी हलक्या धातूची, बाजारात नित्य फिरणारी होती. त्यांवरील लेख कोणी उत्साहाने घासून काढले असते, तर लासेनला ही तुलना करता आली नसती.

खुद्द बनारसच्या टाकसाळीत मोगल बादशहा दुसरा शाह आलम याच्या नावाने तांब्याचे पैसे पाडले जात. त्यांवर त्रिशूळाचे चिन्ह असे. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असल्यामुळे प्रत्येक पैशावर लेखाचा काही भागच उमटे. एकाच ठशाचे अनेक पैसे जुळवावेत तेव्हा संपूर्ण लेख हाती लागतो. मुळात अपुरा असलेला लेख साफसफाईत आणखी तोकडा झाला, तर असे नाणे जुळणीच्या कामातून बादच होते.

लेखाइतकाच महत्त्वाचा पुरावा म्हणजे नाण्याचे वजन. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोमंतकात जन्मलेले गणिती १९२९ च्या सुमारास काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करीत होते. पुढे त्यांनी आहत नाण्यांच्या अभ्यासास संख्याशास्त्राची जोड दिली. नाणे हातोहात फिरू लागले की झिजते. जितके अधिक फिरावे तितके त्याचे वजन घटते आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढत जाते. कोसंबी यांनी तक्षशिला येथील निधींतील चांदीच्या नाण्यांची वजने तपासून, त्या घटीवरून ती किती काळ चलनात होती याचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. जी गोष्ट चांदीची तीच तांब्याची. आम्लात बुडविलेले नाणे आपला काही भाग गमावून बसते. नंतर ते कितीही काटेकोरपणे तोलले तरी चलनातील झीज किती आणि आम्लाने केलेली झीज किती, हे वेगळे काढता येत नाही.

एवढ्यावरच हा पुरावा संपत नाही. नाणी कापडाच्या पुरचुंडीत बांधून पुरलेली असतील, तर कापड कुजून गेले तरी त्याच्या विणीचा ठसा तांब्याच्या क्षारांत उमटून राहतो. तो हिरवा चुरा खरवडून टाकला, की पुरचुंडीची ही एकमेव खूण नष्ट होते.

क्षार जेव्हा रोग होतो

मग हे आवरण तसेच राहू द्यावे काय? सर्व आवरणे सारखी नसतात. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा अथवा तपकिरी थर निरुपद्रवी असतो. इतकेच नव्हे, तो आतील धातूचे रक्षणही करतो. परंतु नाण्यावर फिकट हिरव्या रंगाचे भुकटीसारखे ठिपके दिसू लागले आणि ते पुसले तरी पुन्हा उगवू लागले, तर ते नाणे आजारी आहे असे समजावे. संग्रहालयाच्या भाषेत यास ‘कांस्यरोग’ म्हणतात. हे नाव काशावरून पडले असले तरी तांब्यासही तो होतो.

या रोगाचे मूळ क्लोराइडात असते. मातीतील मीठ, सांडपाणी, एवढेच काय पण हाताचा घाम यांतूनही क्लोराइड नाण्यात शिरते. धातूच्या लगत त्याचे क्यूप्रस क्लोराइड बनते. कोरड्या हवेत ते निपचित पडून असते. ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच त्याचे फिकट हिरव्या भुकटीत रूपांतर होते आणि त्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होते. हे आम्ल आतील तांब्यावर चढाई करून पुन्हा क्यूप्रस क्लोराइड तयार करते. असे हे चक्र धातू संपेपर्यंत चालू राहू शकते. मार्सलाँ बेर्तलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात या चक्राचा उलगडा केला.

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांच्या खाली असेल तर हे चक्र थंडावते. वाराणसीच्या हवामानात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वैशाखाच्या कोरड्या उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारे नाणे आषाढ-श्रावणात एकाएकी ठिपक्यांनी भरून जाते, याचे कारण त्या दिवसांतील दमट हवेत सापडते.

येथेच मीठ-लिंबाच्या घरगुती उपायातील दुसरा धोका दिसून येतो. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सच्छिद्र झालेल्या जुन्या नाण्यावर ते चोळणे म्हणजे ज्या द्रव्यामुळे रोग होतो तेच त्याच्या अंगात भरणे होय. घासलेले नाणे आठवडाभर झळकते आणि पहिल्याच पावसाळ्यात सडू लागते. हंड्याला हा उपाय बाधत नाही; कारण त्याचा धातू भरीव असतो, तो लगेच भरपूर पाण्याने धुतला जातो आणि पुन्हापुन्हा घासलाही जातो.

संरक्षक कसे काम करतो

प्राचीन धातूंवर शास्त्रीय रीतीने उपचार करण्याची परंपरा फार जुनी नाही. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीड्रिख राटगेन या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक करून प्रयोगशाळा काढली. ब्रिटिश म्यूझियमची प्रयोगशाळा १९२० ची. भारतात पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांना पुरातत्त्वीय रसायनशास्त्रज्ञ म्हणून नेमले. सर्वेक्षणाची विज्ञान शाखा पुढे डेहराडून येथे विकसित झाली. १९७६ मध्ये लखनौ येथे सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. राटगेनच्या काळी विजेच्या साहाय्याने सर्व क्षार उतरवून धातू उघडा करण्याकडे कल होता. अनुभवाने हा कल बदलत गेला. आज कमीत कमी हस्तक्षेप हेच तत्त्व मानले जाते.

प्रशिक्षित संरक्षकाच्या कामास नाण्याला हात लावण्यापूर्वीच सुरुवात होते. ते कोठे, कोणत्या थरात, कशाच्या सोबत सापडले याची नोंद पाहिली जाते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली जातात, वजन केले जाते आणि भिंगाखाली अथवा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक थर न्याहाळला जातो. क्ष-किरणांची सोय असेल तर कवचाआड असलेला ठसा त्याला धक्का न लावताही काही प्रमाणात पाहता येतो. आत धातू किती शिल्लक आहे याचा अंदाजही त्यावरून येतो.

त्यानंतर यांत्रिक सफाई. नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून वरची माती मऊ कुंचल्याने सोडविली जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बांबूची काडी, लाकडी टोचणी किंवा बारीक शल्यसुरी यांनी कण कण करून बाह्य कवच उतरविले जाते. मूळ पृष्ठभाग जवळ आला की थराचा रंग, चकाकी आणि कठीणपणा बदलतो. तो बदल ओळखणे हेच या कामातील खरे कौशल्य. एका नाण्यास कित्येक तास लागू शकतात.

रसायनांचा आधार फार घट्ट कवचासाठीच, आणि तोही जपून घेतला जातो. अल्कधर्मी रोशेल क्षाराच्या विद्रावात हिरवे क्षार विरघळतात, पण तांबूस क्यूप्राइटचा थर बहुतांशी टिकून राहतो. गमतीची गोष्ट अशी, की रोशेल क्षार हा चिंचेतल्याच टार्टारिक आम्लापासून बनतो. द्रव्य एकाच कुळातले. परंतु आम्ल म्हणून ते क्यूप्राइटवरही हल्ला करते आणि अल्कधर्मी विद्रावात निवडक काम करते. अशा उपचारानंतर ऊर्ध्वपातित पाणी वारंवार बदलून नाणे धुतले जाते. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचे काही थेंब टाकल्यावर ते दुधाळ झाले, तर क्लोराइड अजून बाहेर पडत आहे असे समजावे.

कांस्यरोग झालेली नाणी पूर्वी सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या विद्रावात आठवडेच्या आठवडे ठेवीत. या उपायाने क्लोराइड निघते, पण आवरणाचा रंग व घटना बदलण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा वापर आता बेताने होतो. १९६७ मध्ये डेन्मार्कच्या ब्रिंक मॅडसन यांनी बेन्झोट्रायाझोल या द्रव्याचा उपयोग सुचविला. त्याच्या अल्कोहोलमधील सुमारे ३ टक्के विद्रावात नाणे भिजविले, की तांब्यावर एक अदृश्य संरक्षक पटल तयार होते. नाणे सुकवून त्यावर अॅक्रिलिक राळेचा पातळ लेप दिला जातो. हे द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्यामुळे हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आवश्यक असते. ते घरी वापरण्याजोगे नाही.

घरी नाणे असेल तर

ज्यांच्या घरी जुनी तांब्याची नाणी आहेत, त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. नाणे कडांना धरून उचलावे, म्हणजे घाम पृष्ठभागास लागत नाही. सुटी धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. माती चिकटली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस ठेवून, पाणी रोज बदलून, ती आपोआप सुटू द्यावी; नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते हे विसरू नये. नंतर नाणे पूर्ण सुकवावे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, मीठ, धातू उजळण्याची पूड, तारेचा ब्रश यांपैकी काहीही वापरू नये. नाणी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांतून कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. फिकट हिरवे ठिपके दिसलेले नाणे बाजूला काढून तज्ज्ञास दाखवावे.

नाणी नांगरताना किंवा पाया खणताना सापडली असतील, तर आणखी एक कर्तव्य उरते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला निधी सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याखाली येतात आणि ती खासगी रीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अशी नाणी न धुता, न निवडता, ज्या भांड्यात सापडली त्या भांड्यासह दाखविणेच श्रेयस्कर होय.

काशी हिंदू विश्वविद्यालयात अनेक वर्षे प्राचीन इतिहासाचे अध्यापन केलेले डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे मूळचे कोल्हापूरकडील. भारतीय नाणकशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९१० मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय पुढे याच विश्वविद्यालयाच्या आवारात आले. १९४६ मध्ये भरतपूर संस्थानातील बयाना येथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा प्रचंड निधी सापडला. त्यातील १८२१ नाण्यांची सूची आळतेकरांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. सोने गंजत नाही. दीड हजार वर्षांनंतरही ती नाणी टाकसाळीतून नुकतीच आल्यासारखी वाचता आली. परंतु सोन्याचे दिनार सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडत. भाजी, तेल, नावेचे भाडे, घाटावरचे दान हा व्यवहार चाले तो तांब्यावर आणि कवड्यांवर. त्या व्यवहाराचा इतिहास अशा धातूवर लिहिलेला आहे, की जो मातीत टिकत नाही आणि अजाण हातात तर मुळीच टिकत नाही.

म्हणून अनुभवी संरक्षक एक साधा नियम पाळतो. सफाई करावयाची ती नाणे वाचता यावे आणि टिकावे यासाठी. ते ओळखू आले, त्यातील रोग थांबला, की हत्यार खाली ठेवावे. थोडासा हिरवेपणा राहिला तरी हरकत नाही. राहिलेले आवरण पुढच्या पिढीस अधिक चांगल्या साधनांनी केव्हाही काढता येईल. एकदा काढलेले मात्र कोणालाही परत बसविता येणार नाही.